कळस खाली, पाया वर

मैत्रिणींनो, आज दुपारची आवराआवर झाली की कपाटातला जुना आल्बम जरा काढा बघू. सहलीचे फोटो काढा. महाबळेश्वर असो, म्हैसूर असो नाहीतर कन्याकुमारी. मागे काहीतरी भव्य, आणि पुढे तुम्ही. काखेत पर्स, एका हातात मुलाचं मनगट, कपाळाला आठ्या आणि डोळे बारीक केलेले. जणू काही फोटो काढणाऱ्याशी आत्ताच भांडण झालंय!

भांडण झालेलंही असेल, पण आठ्यांचं कारण ते नाही. आपल्या घरोघरच्या फोटोग्राफर मंडळींना कुणीतरी एकदा सांगून ठेवलंय, की ऊन नेहमी पाठीशी घ्यावं. काढणाऱ्याच्या पाठीशी ऊन, म्हणजे जिचा फोटो काढायचा तिच्या थेट डोळ्यांत ऊन. त्यातून वेळ दुपारची, कारण सकाळी सगळ्यांच्या अंघोळी आणि डबे होईपर्यंत अकरा वाजलेले असतात. भर दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, मग डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. आपण आल्बम बघताना म्हणतो, “मेला माझा फोटोच चांगला येत नाही.” अहो, फोटो चांगला येतो. ऊन वाईट असतं!

हे मला कळायला फार वर्षं लागली. आमच्या घरी कॅमेरा होता तो आग्फाचा क्लिक थ्री. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांनी बोनसमधून घेतला होता. १२० नंबरचा रोल, त्यात मोजून बारा फोटो. मागच्या बाजूला एक लाल खिडकी असायची, तिच्यातून कितवा फोटो चाललाय तो आकडा दिसायचा. कॅमेरा ह्यांच्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत. मी त्याला हात लावत नसे असं नाही, पण “अगं, जपून” हे शब्द कानावर पडल्याशिवाय कधी लावला नाही.

तरी मी शिकले. सोलापूरला आम्ही राहायचो तिथून सिद्धेश्वराचा तलाव जवळ. सोमवारी पहाटे देवळात जायची माझी सवय होती. पाण्याच्या मधोमध देऊळ. सकाळी साडेसहाला वारा नसला की खालचं देऊळ वरच्या देवळाइतकंच स्पष्ट दिसतं. आणि आठ वाजले, वारा सुटला की खालचं देऊळ मोडून तुकडे तुकडे. कॅमेरा न घेताच मी ते बघत राहायची. कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या बाजूनं येतं, ढग असले की काय होतं, पायरीवर खाली बसून बघितलं तर काय आणि उभं राहून बघितलं तर काय. फुकटचं शिक्षण ते! हातात बारा फोटोंचा हिशेब नसला की डोळे मोकळे होतात.

त्याच सुमाराची दुसरी आठवण आहे ती १९८० च्या १६ फेब्रुवारीच्या ग्रहणाची. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना घरात बसवलं होतं, खिडक्यासुद्धा ओढून घेतल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून अंगणात बघत होते, तर लिंबाच्या झाडाखाली एरवी जे गोल गोल कवडसे पडतात ते सगळेच्या सगळे चंद्रकोरी झालेले! शेकडो कोरी, फरशीभर. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. झाडाखालचा प्रत्येक कवडसा म्हणजे पानांमधल्या फटीतून पडलेलं सूर्याचं चित्र असतं. सूर्य गोल तर कवडसा गोल, सूर्य अर्धा तर कवडसाही अर्धा. हे मला पुढे कळलं, हंपीला.

हंपीला आम्ही गेलो १९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीत. विजापूरवरून गदग, तिथून होस्पेट, ज्याला आता होसपेटे म्हणतात. तेव्हाची ती मीटरगेजची रडतखडत जाणारी गाडी. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. खरं म्हणजे हंपीचा हट्ट सासूबाईंचाच. त्यांना राजवाडे बघायचे नव्हते, त्यांना विठ्ठलाचं देऊळ बघायचं होतं. आपल्याकडे कथा आहे ना, की कृष्णदेवरायानं पंढरपूरचा पांडुरंग विजयनगरला नेला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. सासूबाई वारीला जाणाऱ्या. देव जिथे जाऊन राहिला ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. त्या फोटो काढून घेत नसत. “फोटोत काय जीव अडकवायचाय?” म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. सगळ्यांना वाटे, जुन्या वळणाची बाई, आयुष्य कमी होतं असं मानत असेल. मला मात्र खरं कारण माहीत होतं. १९७४ साली आमच्या लग्नात, अक्षता पडल्यावर फोटोग्राफरनं दोन्ही घरची मंडळी उभी केली. सासूबाई मुलाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं कुंकू गेलेलं, हा मुलगा त्यांनी शिवणकाम करून वाढवलेला. आणि घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्ही जरा मागे सरा. शुभकार्याचा फोटो आहे.” त्या सरल्या. एक शब्द न बोलता खांबाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लग्नाच्या आल्बममधे त्या फोटोत डाव्या कडेला एक कोपर आणि पांढऱ्या लुगड्याचा काठ आहे, ते माझ्या सासूबाईंचं.

मी नवरी होते. मी ऐकलं होतं. मी गप्प राहिले. बावीस वर्षांची पोर, काय बोलणार, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत आले.

तर हंपी. विठ्ठलाचं देऊळ नदीकाठानं दोनेक किलोमीटर आत आहे. पुढे तो प्रसिद्ध दगडी रथ. आताच्या निळ्या पन्नासच्या नोटेवर आहे बघा, तोच. ह्यांनी रथापुढे आम्हाला उभं करून दोन फोटो काढले, ऊन अर्थातच आमच्या डोळ्यांत! सासूबाई मात्र सरळ आत गेल्या. गाभारा रिकामा. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, इतक्या लांब आलो आणि मूर्तीच नाही. त्यांनी त्या रिकाम्या जागेला हात जोडले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “देव घरी गेलाय. बरं झालं.” आणि अगदी समाधानानं बाहेर आल्या.

संध्याकाळी हेमकूट टेकडीवर गेलो. विरूपाक्षाच्या देवळाला लागूनच ती टेकडी, वर नुसता सपाट खडक आणि जागोजागी छोटे दगडी मंडप. हे मुलांना घेऊन खाली बाजारात केळी आणायला गेले आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून गेले. “तीन शिल्लक आहेत. उद्या सकाळी उग्र नरसिंहापाशी मुलांचे काढायचेत.”

आणि मग उजेड बदलायला लागला. तुम्ही बघितलं असेल, सूर्य खाली गेला की त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून तिरका येतो, निळा रंग वाटेतच विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो तांबूस पिवळा. हंपीचे धोंडे दुपारी नुसते धोंडे असतात, आंधळे. त्या उन्हात ते उठून बसल्यासारखे दिसतात. एकेका दगडाची सावली तीस तीस फूट लांब. मी एक फोटो काढला. मग खालच्या गोपुराचा काढला, त्यावरही माणूस नाही काणूस नाही. हात थरथरत होते, चोरी करत असल्यासारखे.

सासूबाई पुढच्या मंडपात दोन खांबांच्या मधे बसल्या होत्या, माझ्याकडे एक बाजू करून. गुडघ्यावर हात, डोक्यावर पदर. त्यांच्या पलीकडे सगळं आकाश पेटलेलं. सूर्य नेमका खांबाच्या आड. पाठीशी ऊन घ्यायचा नियम मला पाठ होता, आणि मी नेमकं उन्हाकडे तोंड करून उभी राहिले. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या उठून बाजूला झाल्या असत्या. शेवटचा, बारावा फोटो.

हे वर आले, लाल खिडकीत बघितलं आणि गप्प झाले. माझ्या माहेरी आरडाओरडा असे, इथे अबोला असतो. आरडाओरडा बरा!

दुसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्षाच्या देवळात गेलो आणि त्या अबोल्याची पुरती फजिती झाली. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी जागा आहे. तिथल्या भिंतीत एक लहानसं भोक, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या गोपुराची सावली पडते. पन्नास मीटरच्या आसपास उंच, नऊ मजली गोपूर, ते त्या भिंतीवर हातभर होऊन पडतं आणि चक्क उलटं! कळस खाली, पाया वर. मुलं टाळ्या पिटायला लागली. ह्यांनी सवयीनं कॅमेऱ्याला हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. रोल संपलेला. त्या बघण्यात काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमची लग्नं झालेली आहेत.

आता कळतंय, की तिथल्या अंधारात आमच्या त्या कॅमेऱ्यात काही म्हणता काही आलं नसतं. पण हे ज्ञान मला तेव्हा असतं तर!

घरी आल्यावर रोल धुवायला टाकला. फोटो आले अकरा. “बारावा काळा आलाय, छापला नाही,” असं स्टुडिओतून सांगितलं. ह्यांनी हिशेब केला, “तीन वाया. एकातही माणूस नाही.” मी निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमधे सगळं उलटं असतं ना. आकाश काळं कुट्ट झालं होतं आणि त्यात सासूबाई काचेसारख्या पारदर्शक. पदराची कड, नाकाचा उंचवटा, गुडघ्यावरची बोटं, सगळं त्यांच्यातून आरपार दिसणाऱ्या उजेडानं काढलेलं. मी भाजीच्या पैशांतून ती एक कॉपी काढून आणली. स्टुडिओतला माणूस म्हणाला, “बाई, ह्यात चेहराच नाही.” म्हटलं, “असू दे, छापा.”

आठ दिवस ती कॉपी डाळीच्या डब्यांमागे होती. सासूबाईंना न विचारता काढलेला फोटो, दाखवायचा कसा? शेवटी एका दुपारी त्या गहू निवडत बसल्या होत्या तेव्हा पुढे ठेवली. “आई, रागावू नका. तुम्हाला न विचारता काढला.” त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट कपाळापाशी नेलं, फोटोतल्या कपाळापाशी.

“ह्यात कुंकू आहे का नाही ते दिसत नाही, नाही का गं?”

मी म्हटलं, “नाही दिसत.”

“बरं आहे,” म्हणाल्या. फोटो पदरानं पुसला आणि देवघराकडे घेऊन गेल्या. पुढे कधी त्याचा विषय निघाला नाही. आणि लग्नातल्या त्या फोटोबद्दल मी त्यांची माफी मागायला हवी होती, ती त्या दुपारीही मागितली नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

पण मे महिन्यात एक गंमत केली. मुलं सुट्टीत जीव खात होती, “हंपीची उलटी सावली पुन्हा दाखव.” म्हटलं दाखवते. तुम्हीही करून बघा, एक पै खर्च नाही. रस्त्याकडे किंवा अंगणाकडे खिडकी असलेली खोली घ्या, बाहेर लख्ख ऊन आणि आत पूर्ण काळोख हवा. आमच्या सोलापुरी चादरींसारखं दुसरं काही नाही! दोन चादरी खिडकीवर ठोकल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. मधल्या जागी जाड पुठ्ठा लावून त्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक पाडलं. भोकापासून पाच-सहा फुटांवर ह्यांचं पांढरं धोतर आडवं टांगलं. सुरुवातीला काही दिसत नाही, मुलं कुरकुरतात, त्यांना दहा मिनिटं दम धरायला सांगा. डोळे काळोखाला सरावले की धोतरावर रस्ता उमटतो. रंगांसकट! उजेड सरळ रेषेत जातो, वरून आलेला किरण भोकातून खाली जातो आणि खालून आलेला वर, म्हणून चित्र उलटं. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण चित्र फिसकटतं, लहान केलं तर रेखीव होतं पण अंधुक. कॅमेऱ्याचं सगळं शास्त्र त्या पुठ्ठ्याच्या भोकात आहे.

धोतरावरून उलटा भाजीवाला गेला, उलटी सायकल गेली, समोरच्या वाड्यातल्या वहिनी उलट्या साड्या वाळत घालत होत्या. मुलं अर्ध्या तासात कंटाळून पळाली. सासूबाई मात्र काळोखात तासभर बसून होत्या. दारात उभं राहून रस्ता बघणं त्यांच्या वळणात नव्हतं. “कोण कोण जातं गं इकडून,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच विचारलं, “ते धोतर आहे का वाळलेलं?”

त्यानंतर कॅमेरा हळूहळू माझ्याकडे आला. कसा आला, कुणी दिला, असा काही प्रसंग नाही. ह्यांना चाळिशीचा चष्मा लागला हेही एक कारण असेल. होमाई व्यारावालांबद्दल मी फार उशिरा वाचलं. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. त शिकलेल्या, साडी नेसून जड कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. ते वाचून मला आमचा आल्बम आठवला. ह्यांच्या अक्षरात प्रत्येक पानावर ‘छायाचित्रे’ आणि पुढे ह्यांचं नाव. त्यातली निम्मी माझी आहेत! आता मी पेन्सिलीनं फोटोंच्या मागे दुरुस्त्या करते आहे. (जाता जाता सांगते: फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, दाब उमटतो, मऊ पेन्सिल वापरा. आणि चिकट पानांच्या प्लास्टिकच्या आल्बममधून जुने फोटो सोडवून कागदी पाकिटांत ठेवा, त्या गोंदानं ते पिवळे पडतात.)

आता तर काय, मोबाईलमधे हजार फोटो निघतात, वाया जाण्याची भीती नाही. तरी सूनबाईंच्या फोटोंत पुन्हा तीच दुपार आणि त्याच आठ्या! तिला मी तीनच गोष्टी सांगते. आधी भिंग जुन्या सुती पदरानं पूस, फोडणीचे हात लागलेले असतात. माणसाचा फोटो काढायचा तर त्याला खिडकीशी आडवं बसव, उजेड गालावर एका बाजूनं येऊ दे. आणि सूर्य खाली असेल तेव्हा एकदा त्याच्याकडे तोंड करून बघ. पडद्यावर उजळ आकाशावर बोट टेकवलं की पुढचं माणूस आपोआप सावली होतं. चौथी गोष्ट सांगायला गेले की ती फोन घेऊन पळते.

सासूबाई १९९८ साली गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर निवडणुकीच्या ओळखपत्रासाठी काढलेला एवढाच. तो मोठा करून आणला, फुटका फुटका आलाय, आणि कुणीतरी तासाला नेताना दम भरल्यासारखा चेहरा. हेमकूटवरची कॉपी मला तेराव्यानंतर सापडली, त्यांच्या हरिपाठाच्या पोथीत. कडा मऊ झाल्या होत्या, रोज हात लागलेल्या वस्तूच्या होतात तशा. मी तो भिंतीवर लावू या म्हटलं, तर घरचे म्हणाले, चेहरा कुठे आहे त्यात? मी पोथीतच ठेवला.

२०१९ साली आम्ही दोघं पुन्हा हंपीला गेलो. मुलानं जायच्या आधी एक पुस्तक आणून दिलं होतं. ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८५६ मधे मेणकागदाच्या निगेटिव्हवर काढलेले हंपीचे फोटो, एकेका फोटोला काही मिनिटं थांबून काढलेले. आणि शेजारी जॉन गोलिंग्ज ह्या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरनं त्याच जागी उभं राहून १९८३ साली काढलेले. आम्ही गेलो तेच वर्ष! ग्रीनलॉच्या फोटोत दगडी रथावर विटांचं शिखर आहे. आता ते नाही. आम्ही त्या रथापुढे डोळे बारीक करून उभे होतो तेव्हाही नव्हतं, आणि तिथे काही होतं हे आमच्या गावीही नव्हतं.

विरूपाक्षाच्या उलट्या सावलीचे ह्यांनी मोबाईलवर चाळीस फोटो काढले. छत्तीस वर्षांचा अनुशेष! एक चांगला आलाय. संध्याकाळी हेमकूटवर तो मंडप मी शोधला. खांब तेच असावेत. मी उजेडाची वाट बघत उभी होते, तर हे आपणहून आत जाऊन बसले.

“माझाही काढ की एक. आईचा काढलास तसा.”

म्हटलं, “त्यात चेहरा दिसणार नाही हं.”

“माहीत आहे,” म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून, एक बाजू माझ्याकडे करून बसले. तीनदा “हलू नका” म्हणावं लागलं.